इंडक्शन शेगडी : दाव्यांची उलटतपासणी

इंडक्शन शेगडीचे खोके हातात घेतले की त्यावर साधारणपणे तीन दावे छापलेले आढळतात. शेगडीची कार्यक्षमता ऐंशी-नव्वद टक्के आहे, गॅसपेक्षा खर्च कमी येतो आणि ती पर्यावरणाला पूरक आहे. दुकानदार त्यात चौथ्याची भर घालतो, 'जितके वॅट जास्त तितकी शेगडी चांगली'. सरकारी प्रचाराचा रोखही हाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने विजेवर चालणारी वाहने आणि विजेवरचा स्वयंपाक यांच्या प्रसारासाठी 'गो इलेक्ट्रिक' मोहीम सुरू केली. गॅसवर अनुदान देण्याऐवजी विजेच्या स्वयंपाक-साधनांवर का देऊ नये, असा प्रश्न नितीन गडकरी यांनी त्या वेळी विचारला होता. २०२३ मध्ये ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ईईएसएल या कंपनीने वीस लाख इंडक्शन शेगड्या घरोघरी पोचवण्याचा कार्यक्रम जाहीर केला.

हे सगळे दावे खोटे नाहीत, पण पुरे खरेही नाहीत. प्रत्येक दाव्यामागे एक मोजणी आहे आणि ती कुठून सुरू केली, कुठे थांबवली यावर उत्तर बदलते. गोंदिया तालुक्यातील कामठ्यासारख्या गावात अडीच-तीन हजार रुपयांची ही खरेदी लहान नसते. त्यातून नवी भांडी आणि नवे वायरिंग घ्यावे लागले तर मुळीच नाही. म्हणून शेगडी निवडण्यापूर्वी हे दावे एकेक करून तपासू या. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्याला जोडून वर्गातही ही तपासणी करता येईल.

भांडे का तापते?

काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते. घरातील वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. शेगडीतील इलेक्ट्रॉनिक मंडल तिचे रूपांतर सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहात करते. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही तितक्याच वेगाने बदलते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतधारा निर्माण होते. इथे वाहक म्हणजे भांड्याचा बूड. त्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या धारा वाहतात आणि बुडाच्या विद्युतरोधामुळे उष्णता निर्माण होते. म्हणजे शेगडी भांड्याला उष्णता देत नाही, भांडे स्वतःच तापते. काच गरम होते ती भांड्यामुळे. १९५०च्या दशकात अमेरिकेत या तंत्राचे प्रयोग दाखवताना शेगडी आणि भांडे यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवत. पाणी उकळे आणि कागद जळत नसे.

आता एक प्रश्न वर्गात हमखास येतो. तांबे, ॲल्युमिनियम आणि पितळ लोखंडापेक्षा चांगले वाहक आहेत. मग त्यांची भांडी अधिक तापायला हवीत, ती तापत का नाहीत? 'चुंबक चिकटत नाही म्हणून' हे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. ते ओळखण्याची खूण सांगते, कारण सांगत नाही.

कारण असे. इतक्या वेगाने दिशा बदलणारी धारा धातूच्या पूर्ण जाडीतून वाहत नाही, पृष्ठभागाजवळच्या पातळ थरातूनच वाहते. सेकंदाला सुमारे २५ हजार आवर्तने असतील तर ॲल्युमिनियममध्ये हा थर साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. लोखंडात तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो, कारण लोखंडाची चुंबकीय पार्यता फार मोठी आहे. मुळात रोधकता जास्त आणि त्यात धारेला वाट अरुंद, म्हणून तिला होणारा विरोध तांब्याच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढतो. विरोध पुरेसा असेल तरच तिथे उष्णता निर्माण होते. तांब्या-पितळेच्या भांड्यात धारा सहज वाहते, पण तिचा विरोध शेगडीतील वेटोळ्याच्या विरोधाहून फारसा जास्त नसतो. मग भांड्याबरोबर वेटोळेही तापू लागेल. म्हणून शेगडीचे मंडल असे भांडे ओळखते आणि चालायलाच नकार देते. जपानमध्ये आवर्तने आणखी वाढवून ॲल्युमिनियम-तांब्यावरही चालणाऱ्या शेगड्या तयार झाल्या आहेत, पण त्या महाग आहेत. आपल्या बाजारातल्या साध्या शेगडीवर त्यांचा भरवसा धरू नये.

भांड्यांचा न मांडलेला खर्च

खोक्यावर ही गोष्ट एका ओळीत येते, 'योग्य भांडी वापरा'. आपल्या भागात ही ओळ महागात पडते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा तर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. घरातले पितळी गंज, जर्मनचे गंज, भाताचे पातेले, ॲल्युमिनियमचा कुकर यांतले काहीच या शेगडीवर चालत नाही. स्टीलचीही खात्री नाही. स्टेनलेस स्टीलच्या अनेक प्रकारांना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही आणि घरातली स्वस्त भांडी पुष्कळदा त्याच प्रकारांची असतात.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी लोहचुंबक घेऊन स्वयंपाकघरातून एक फेरी मारावी. चुंबक बुडाच्या मधोमध घट्ट चिकटला पाहिजे, नुसता काठाला चिकटून भागत नाही. बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई सपाट काचेवर फक्त एका ठिकाणी टेकते, म्हणून तिचा उपयोग नाही. जी भांडी या परीक्षेत उतरत नाहीत त्यांच्या बदली भांड्यांची किंमत शेगडीच्या किमतीत मिळवावी. ही बेरीज कुठल्याच जाहिरातीत केलेली नसते.

इथे दुकानदार दुसरी एक वस्तू पुढे करतो. 'ही घ्या, हिच्यावर सगळी भांडी चालतात.' ती बहुधा इन्फ्रारेड शेगडी असते. तिच्यात काचेखालची तार लाल होते, काच तापते आणि काचेवरून उष्णता भांड्यात जाते. ती टाकाऊ वस्तू नाही, पण ती इंडक्शन नव्हे. इंडक्शनचे गुण सांगून ती विकली जात असेल तर ग्राहकाने सावध राहावे.

नव्वद टक्के : कशाचे आणि कुठे मोजलेले?

कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या ऊर्जेपैकी अन्नात किती पोचली त्याचे प्रमाण. योग्य मापाचे भांडे असेल तर इंडक्शनसाठी ७५ ते ८५ टक्के हा विश्वासार्ह पल्ला आहे. नव्वदचा आकडा सर्वांत अनुकूल परिस्थितीतला समजावा.

तुलनेत खरी गडबड गॅसच्या आकड्याने होते. अनेक लेखांत गॅसची कार्यक्षमता ४० टक्के दिलेली असते. हा आकडा अमेरिकेतल्या मोठ्या ज्वालेच्या शेगड्यांवरून आला आहे. आपल्याकडे एलपीजी शेगडीला भारतीय मानकानुसार किमान ६८ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते. अर्थात तीही प्रयोगशाळेत, ठरावीक आकाराच्या भांड्यावर. घरात बर्नर काजळलेला असतो, भांडे लहान असते, वारा असतो. म्हणून ५० ते ६० टक्के धरणे योग्य होईल. तुलना करायची तर दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले घ्यावेत किंवा दोन्ही घरातले. एक इथला आणि एक तिथला घेतला तर ती तुलना राहत नाही.

आता हिशेब मांडू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो एलपीजीपासून सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. म्हणजे सिलिंडरमध्ये सुमारे ६५३ मेगाज्यूल, युनिटच्या भाषेत १८१ युनिट ऊर्जा असते. गॅस ६० टक्के धरला तर अन्नात १०९ युनिट पोचतात. इंडक्शन ८० टक्के धरून तेवढेच काम करायला १३६ युनिट वीज लागेल. एक सिलिंडर बरोबर १३६ युनिट, हा मधला आकडा. गॅस ५० आणि इंडक्शन ८५ धरले तर तो १०६ वर येतो. गॅस ६८ आणि इंडक्शन ७५ धरले तर १६४ वर जातो. पहिला आकडा विक्रेत्याला आवडेल, दुसरा गॅसवाल्याला. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांनीही आपल्या सोयीचे गृहीत धरलेले असते, इतकेच.

पैशाचा हिशेब

सिलिंडरची किंमत १३६ ने भागा. उदाहरणासाठी किंमत ९०० रुपये धरली तर उत्तर सुमारे ६ रुपये ६० पैसे येते. तुमची वीज युनिटला याहून स्वस्त असेल तर इंडक्शन परवडते, महाग असेल तर नाही.

पण कोणते युनिट? महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढे आणखी महाग. अलीकडच्या वर्षांत दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार पहिल्याच्या दुपटीच्या आसपास राहिला आहे. त्यावर वहन आकार आणि वीज शुल्क वेगळे. समजा एका घरात महिन्याला ८० युनिटे लागतात आणि सिलिंडर ४५ दिवस पुरतो. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर आणला तर महिन्याला सुमारे ९० युनिटे वाढतील. त्यांतली २० पहिल्या टप्प्यात जातील आणि उरलेली ७० दुसऱ्या टप्प्यात. शेगडीच्या युनिटांचा दर म्हणजे बिलाचा सरासरी दर नव्हे, तो शेवटच्या युनिटाचा दर असतो. बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागून 'वीज स्वस्त पडते' असे म्हणणारे इथेच चुकतात.

यातूनच एक व्यवहारी निष्कर्ष निघतो. ज्याचे बिल शंभराच्या बरेच आत आहे त्याने चहा, दूध, डाळ, भात एवढेच इंडक्शनवर करावे आणि बाकीचे गॅसवर. तेवढी वीज पहिल्या टप्प्यात बसते आणि बचत खरी होते. आकडे मात्र आपल्याच ताज्या बिलावरून घ्यावेत, कारण दर दरवर्षी बदलू शकतात.

पर्यावरणाचा दावा

खोक्यावरची कार्यक्षमता भिंतीतल्या प्लगपासून मोजलेली असते. वीज मात्र प्लगमध्ये तयार होत नाही. याच जिल्ह्यात तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच असलेले, ३३०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. अशा केंद्रात कोळशातल्या ऊर्जेच्या १०० भागांपैकी ३८ ते ४० भागांची वीज होते. वहनात आणि वितरणात त्यातले काही जातात आणि घरी ३३ च्या आसपास पोचतात. त्यांचे ८० टक्के म्हणजे सुमारे २६ भाग अन्नात जातात. गॅसच्या १०० भागांतले ५०-६० भाग अन्नात पोचत होते. सुरुवात खाणीपासून केली की क्रम उलटतो.

कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. एक किलो एलपीजी जळताना सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे सिलिंडरमागे सुमारे ४३ किलो. भारतात एक युनिट विजेमागे आजही सुमारे ०.७ किलो धरावा लागतो. १३६ युनिटांचे होतात ९५ किलो. दुपटीहून जास्त! धूर घरात दिसत नाही, तिरोड्याच्या चिमणीतून निघतो.

मग दावा खोटाच का? नाही, आणि इथे टीकाकारानेही घाई करू नये. पहिली गोष्ट, स्वयंपाकघराची हवा खरोखरच स्वच्छ राहते. चुलीची जागा इंडक्शनने घेतली तर हा लाभ फार मोठा आहे. साध्या चुलीची कार्यक्षमता १० ते १५ टक्के असते आणि तिचा धूर बाईच्या आणि लेकरांच्या छातीत जातो. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून जोडणी मिळाली, तरी सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटतीच ठेवणारी घरे आहेत. अशा घरात तुलना चुलीशी करावी, गॅसशी नव्हे. दुसरी गोष्ट, देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो. आणि तिसरी, गॅसची शेगडी दहा वर्षांनीही गॅसच जाळेल, पण विजेत सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढत गेला की हीच इंडक्शन शेगडी न बदलता आपोआप अधिक स्वच्छ होत जाईल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून छतावर सौर पॅनेल बसवलेल्या घरात वरचा पैशाचा आणि कार्बनचा, असे दोन्ही हिशेब इंडक्शनच्या बाजूने झुकतात. तेव्हा 'पर्यावरणपूरक' हे विशेषण शेगडीचे नाही, तिला मिळणाऱ्या विजेचे आहे.

कमाल वॅट नव्हे, किमान वॅट पाहा

दुकानदाराच्या चौथ्या दाव्याकडे येऊ. एक लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. पण तेच एक लिटर पाणी वाफ होऊन उडायला सुमारे २२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट ऊर्जा जाते. भात आपल्याकडचे रोजचे अन्न. त्याला उकळी आली की तांदूळ शिजायला तापमान टिकवणे पुरेसे असते. जोरात खळखळल्याने भात लवकर शिजत नाही, कारण पाणी १०० अंशांच्या वर जातच नाही. जादा ऊर्जा वाफ होऊन छपराला लागते. म्हणून उकळी आल्यावर झाकण ठेवून ३००-४०० वॅटवर शिजू देणे हीच खरी काटकसर.

नेमकी इथेच स्वस्त शेगडी उघडी पडते. पडद्यावर ३०० लिहिलेले असते, पण अनेक स्वस्त शेगड्यांचे मंडल इतक्या कमी शक्तीवर सलग चालू शकत नाही. ते काही सेकंद हजारेक वॅट देते, मग काही सेकंद पूर्ण बंद राहते. सरासरी ३०० भरते, पण दूध मध्येच उसळते आणि पातळ बुडाच्या भांड्यात डाळ खाली लागते. तेव्हा दुकानात शेगडी सर्वांत कमी पातळीवर लावायला सांगावी आणि भांड्यात थोडे पाणी घेऊन पाहावे. बुडबुडे सलग येतात, की उसळतात आणि थांबतात? कमी पातळीवर जी सलग चालेल ती घ्यावी, मग तिचे कमाल वॅट थोडे कमी असले तरी चालेल.

याच पाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. काचेवर छापलेले वर्तुळ मोठे असते, पण खालचे वेटोळे बरेचदा त्याहून लहान असते. रुंद भांड्यात बोटभर पाणी घेतले की बुडबुड्यांचे कडे कुठे उठते ते पाहा, तेवढेच वेटोळे. लहान वेटोळ्यावर मोठ्या तव्यावरची पोळी मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. फुलका फुगवायला तर ज्योतच हवी.

वायरिंग, व्होल्टेज आणि भीती

२००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेते. दिव्यापंख्याचा ६ अँपिअरचा सॉकेट तिला चालत नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, स्वतंत्र जाड तार आणि चांगले अर्थिंग हवे. मंजूर भार एक किलोवॉट असेल तर तो वाढवून घ्यावा लागेल. गावाच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेले की शेगडी बंद होते. पावसाळ्यात लाईन गेली की तर प्रश्नच मिटला, घरगुती इन्व्हर्टरला हा भार सहसा झेपत नाही. म्हणून घरात ही एकमेव शेगडी असू नये.

'चुंबकीय किरणांनी अन्न बिघडते' ही भीती मात्र निराधार आहे. इतक्या कमी आवर्तनांच्या क्षेत्रात अणू-रेणू फोडण्याची ऊर्जा नसते. उष्णता ही उष्णताच, ती ज्वालेची असो वा भोवरा-धारांची. पाळायचे ते दोन नियम. भांडे वर्तुळाच्या मधोमध आणि पुरेसे मोठे असावे, म्हणजे क्षेत्र बाहेर कमी पसरते. आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारावे व चालू शेगडीपासून सुमारे दोन फूट अंतर ठेवावे.

वर्गासाठी एक मोजणी

कार्यक्षमतेचा दावा तपासायला महाग यंत्र लागत नाही. वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. समजा तो आकडा १६०० आहे. घरातली बाकीची सारी उपकरणे बंद करा. दोन लिटर पाणी ३० अंशांवर घेऊन झाकण ठेवा आणि शेगडी लावून लुकलुक मोजू लागा. काही वेळाने शेगडी बंद करा, पाणी ढवळा, मग प्रयोगशाळेतल्या साध्या तापमापीने तापमान पाहा. ९० अंश होईपर्यंत असेच करा. पाण्याने घेतलेली ऊर्जा सुमारे ५०२ किलोज्यूल, म्हणजे ०.१४ युनिट. ती २२३ लुकलुकींएवढी होते. तुमची मोजणी २८० आली तर कार्यक्षमता २२३ भागिले २८०, म्हणजे सुमारे ८० टक्के. अर्धा किलोचे भांडेही तापते, त्याची सुमारे तीन टक्के भर घालता येईल. हाच प्रयोग वेटोळ्यापेक्षा लहान बुडाच्या भांड्यावर आणि झाकण न ठेवता करून पाहावा. आकडे किती घसरतात ते विद्यार्थ्यांना स्वतः मोजू द्यावे. उकळत्या पाण्याजवळ मात्र शिक्षकांनी उभे राहावे.

निवाडा

गॅसच्या जोडीला दुसरी शेगडी म्हणून, वीज पहिल्या टप्प्यात बसत असेल, वायरिंग धड असेल आणि घरातली चार भांडी चुंबकाच्या परीक्षेत उतरत असतील तर इंडक्शन शेगडी जरूर घ्यावी. निवडताना कमी पातळीवरचे सलग चालणे, वेटोळ्याचा आकार, आयएसआय चिन्ह आणि गोंदियात दुरुस्तीची सोय, या क्रमाने पाहावे. कमाल वॅट आणि बटणांची चमक शेवटी. पूर्ण स्वयंपाक तिच्यावर सोपवण्याची घाई, छतावर सौर वीज नसेल तर, सध्या करू नये.

मोहिमा आखणाऱ्यांनाही एक सांगावेसे वाटते. जिथे चूल अजून पेटते त्या घराला नुसती शेगडी देऊन भागणार नाही. दोन भांडी, एक पॉवर प्लग आणि स्वयंपाकाची तेवढी युनिटे पहिल्याच दराने, हे सारे बरोबर दिले तरच ती शेगडी चालेल. नाहीतर काही महिन्यांनी ती फळीवर जाईल आणि चुलीचा धूर तसाच राहील.